शून्य विजय, पहिला नंबर: क्लीव्हलँड ब्राउन्सच्या हरण्याचा हिशोब

६ जानेवारी २०१८. ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर, एरी सरोवराचा काठ आणि हाडं गोठवणारी थंडी. नारिंगी-तपकिरी टोप्या घातलेली हजारो माणसं फुटबॉलच्या स्टेडियमभोवती गोल चक्कर मारत होती. मिरवणूकच होती ती, रीतसर परवानगी काढून केलेली. गोलच का फिरायचं, तर शून्य काढायचं होतं. त्यांचा संघ, म्हणजे क्लीव्हलँड ब्राउन्स, त्या मोसमात १६ सामने खेळला आणि सोळाच्या सोळा हरला होता.

खरं तर हा बेत आदल्याच वर्षीचा. २०१६ मध्ये संघ पहिले १४ सामने ओळीने हरला तेव्हाच मिरवणुकीसाठी वर्गणी सुरू झाली होती. पण २४ डिसेंबरला ब्राउन्सनी सॅन डिएगोला २०-१७ असं हरवलं आणि रंगाचा बेरंग झाला. जमलेले पैसे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेला गेले. पुढच्या वर्षी संघाने निराश केलं नाही.

तिकडे राहणाऱ्या माझ्या मामेभावाने तेव्हा मिरवणुकीचे फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, "आता देशातला सगळ्यात भारी पोरगा आम्हालाच मिळणार." मला काही केल्या कळेना. हरणाऱ्याला बक्षीस? आपल्याकडे नापास झालेल्या पोराला पुढच्या वर्षी शाळेतला सगळ्यात चांगला मास्तर मिळतो का? दर जानेवारीत तिकडच्या तळाच्या संघांच्या बातम्या आल्या की हाच प्रश्न कुणी ना कुणी विचारतं. म्हणून हा लेख.

खेळाबद्दल एवढं कळलं की पुरे

अमेरिकन फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळतात. एका वेळी ११ विरुद्ध ११. हल्ला करणाऱ्या बाजूचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डावात (चेंडू खेळात येऊन पुन्हा थांबेपर्यंतची एक चाल म्हणजे एक डाव) चेंडू आधी त्याच्याकडे येतो. तो फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. हा माणूस चांगला असेल तर बाकीच्या दहांच्या चुका झाकल्या जातात, आणि वाईट असेल तर बाकीचे दहा कितीही चांगले असून उपयोग नसतो. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

लीगचं नाव एनएफएल. संघ ३२. तेव्हा प्रत्येकाचे १६ सामने व्हायचे, आता १७ होतात. आणि कळीची गोष्ट अशी की युरोपातल्या फुटबॉलसारखं इथे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलत नाहीत. खालची श्रेणीच नाही. सगळे सामने हरलात तरी पुढच्या सप्टेंबरात तुमची जागा पक्की.

हरूनही मालकाचं दिवाळं का निघत नाही?

टीव्हीच्या हक्कांचे पैसे लीग गोळा करते आणि ३२ जणांत सारखे वाटते. विजेत्याला जेवढे, तळाच्याला तेवढेच. ग्रीन बे हा भागधारकांच्या मालकीचा एकमेव संघ आहे आणि तो आपला हिशोब जाहीर करतो, म्हणून बाकीच्यांचंही कळतं: २०१७ च्या मोसमात लीगकडून प्रत्येक संघाला २५ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. त्या वर्षी खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा होती १६ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे एकही तिकीट विकलं नाही तरी खेळाडूंचे पगार भागून वर पैसे उरतात.

या मर्यादेला सॅलरी कॅप म्हणतात. आयपीएलच्या लिलावात सगळ्या संघांना सारखीच पर्स असते, तसंच. श्रीमंत मालकाला जास्तीचे पैसे ओतून संघ विकत घेता येत नाही. फरक एक आहे. इथे यंदा न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या पर्समध्ये टाकता येते. अगदीच चिकटपणा मात्र चालत नाही. तेव्हा चार वर्षांच्या हिशोबात मर्यादेच्या ८९ टक्के तरी खर्च व्हावे लागायचे. पण एखाद-दोन वर्षं हात आखडून ठेवायला भरपूर वाव होता. क्लीव्हलँडने तेच केलं. २०१७ च्या मार्चमध्ये त्यांच्या पर्समध्ये १० कोटी डॉलरहून जास्त मोकळे होते.

ड्राफ्ट म्हणजे भिशीचा नंबर

कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं दरवर्षी एप्रिलमध्ये लीगमध्ये येतात. ती आपल्या मर्जीने संघ निवडत नाहीत, संघ त्यांना पाळीपाळीने निवडतात. हाच ड्राफ्ट. सात फेऱ्या असतात, आणि सर्वांत जास्त हरलेल्या संघाची पाळी सर्वांत आधी येते. बास्केटबॉलवाले तळाच्या संघांत चिठ्ठ्या टाकतात. इथे तसंही काही नाही. शेवटचा तो पहिला.

आता गंमत ही की पाळी विकता येते. ज्यांनी भिशी लावली आहे त्यांना हे लगेच कळेल. नड असलेला माणूस म्हणतो, यंदाचा नंबर मला दे, बदल्यात माझे पुढचे दोन घे. नड नसलेला थांबतो आणि जास्त उचलतो.

२०१६ च्या सुरुवातीला मालक जिमी हॅस्लम यांनी संघाची सूत्रं साशी ब्राउन या वकिलाकडे दिली आणि जोडीला बेसबॉलमधले आकडेतज्ज्ञ पॉल डिपोडेस्टा यांना आणलं. दोघांचा विचार साधा होता. पोरं निवडणं म्हणजे बरंचसं आंधळं काम; कुणालाच नीट जमत नाही. मग एका नंबरावर सगळं लावण्यापेक्षा दहा नंबर गोळा करा, दोन-तीन तरी लागतीलच. म्हणून क्लीव्हलँडने थांबणाऱ्याची भूमिका घेतली.

एक साखळी पाहा. २०१६ मध्ये त्यांच्याकडे दुसरा नंबर होता. तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला आणि बदल्यात आठवा नंबर, त्याच वर्षीचे आणखी दोन, २०१७ चा पहिल्या फेरीतला आणि २०१८ चा दुसऱ्या फेरीतला असे नंबर घेतले. मग आठवाही टेनेसीला देऊन पंधरावर उतरले. तिथे त्यांनी कोरी कोलमन हा पास झेलणारा खेळाडू निवडला. फिलाडेल्फियाचा २०१७ चा नंबर निघाला बारावा. तो ह्यूस्टनला देऊन त्या वर्षीचा पंचविसावा आणि २०१८ चा पहिल्या फेरीतला नंबर घेतला. हा पुढे चौथा ठरला.

कागदावर हे सगळं फार देखणं दिसतं. पण त्या सोडलेल्या दुसऱ्या नंबरावर फिलाडेल्फियाने कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक घेतला आणि बाराव्यावर ह्यूस्टनने डेशॉन वॉटसन. पहिल्याच्या संघाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे क्लीव्हलँडच्या शून्याच्याच मोसमात, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला (वेंट्झ तेव्हा जखमी होता, पण तिथवर संघ त्यानेच आणला होता). वॉटसनचं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

नको असलेला माणूस घ्या, वर भेट मिळवा

मार्च २०१७ मधला एक व्यवहार या सगळ्या पद्धतीचा अर्क आहे. ह्यूस्टनने ब्रॉक ऑस्वायलर या क्वार्टरबॅकशी वर्षभरापूर्वीच ७ कोटी २० लाख डॉलरचा चार वर्षांचा करार केला होता आणि तो साफ फसला होता. २०१७ चा त्याचा १ कोटी ६० लाख डॉलरचा पगार द्यावाच लागणार होता, खेळवा नाहीतर बसवा.

क्लीव्हलँड म्हणालं, आम्ही नेतो. त्याच्या पगारासकट नेतो. पण सोबत तुमचा २०१८ चा दुसऱ्या फेरीतला नंबर द्या. किरकोळ नंबरांचीही थोडी देवघेव झाली, पण खरा सौदा एवढाच. घर बदलताना आपण जुनं लोखंडी कपाट शेजाऱ्याच्या गळ्यात मारतो आणि नेण्याचे कष्ट म्हणून वर पितळी घंगाळही देतो, तसं. क्लीव्हलँडला कपाट नकोच होतं, घंगाळ हवं होतं. ऑस्वायलरला त्यांनी १ सप्टेंबरला, मोसमातला एकही सामना न खेळवता, सोडून दिलं. मोकळ्या पडलेल्या पर्समधून त्यांनी सरळ एक नंबर विकत घेतला होता. त्या नंबरावर पुढे निक चब आला आणि कित्येक वर्षं लीगमधल्या उत्तम धावकांमध्ये गणला गेला. सगळ्या गोंधळात हा सौदा मला अजूनही बिनतोड वाटतो.

मग मैदानावर काय झालं?

जे व्हायचं तेच. नंबर गोळा करताना माणसं गेली. २०१६ च्या मार्चमध्ये ॲलेक्स मॅक, मिचेल श्वार्ट्झ, टशॉन गिप्सन आणि ट्रॅव्हिस बेंजामिन हे चार नेहमीचे खेळाडू करारातून मोकळे होऊन एकापाठोपाठ दुसरीकडे गेले. मॅक आणि श्वार्ट्झ हे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या भिंतीतले दोन चिरे होते. ऑगस्ट २०१७ मध्ये जो हेडन या जुन्या बचावपटूला सोडलं, तर तो लगोलग पिट्सबर्गला गेला. क्लीव्हलँडकरांसाठी पिट्सबर्ग म्हणजे सख्खा वैरी.

२०१७ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून उभा केला तो डेशोन कायझर, दुसऱ्या फेरीत निवडलेला २१ वर्षांचा पोरगा. त्याचे २२ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. त्या मोसमात लीगमध्ये एवढे कुणाचेच गेले नाहीत. मधेच ऑक्टोबरच्या ३१ तारखेला सिनसिनाटीचा एजे मॅकॅरन घ्यायचं ठरलं. सौदा झाला, पण अदलाबदलीची मुदत दुपारी चारची आणि क्लीव्हलँडकडून लागणारे कागद त्या वेळेत लीगच्या कार्यालयात पोहोचलेच नाहीत. सौदा रद्द. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत शोभावी अशी ही गोष्ट.

शेवटचा सामना ३१ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये. धावफलक २८-२४, क्लीव्हलँड चार गुणांनी मागे, अखेरची दोन मिनिटं. चौथा आणि शेवटचा प्रयत्न. कायझर कसाबसा निसटला आणि त्याने चेंडू डावीकडे फेकला. तिथे एक खेळाडू एकटा उभा होता. चेंडू थेट त्याच्या हातात आला आणि हातांतून निसटला. तो खेळाडू कोरी कोलमन. तोच, दुसरा नंबर सोडून, मग आठवा सोडून, पंधराव्यावर घेतलेला. पुढच्या ऑगस्टात त्याला बफेलोला देऊन टाकलं; मोबदला, दोन वर्षांनंतरचा सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतला नंबर.

साशी ब्राउन यांना त्याआधीच, ७ डिसेंबरला, काढलं होतं. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र टिकले. पुन्हा २०१६ सारखं १-१५ (एक विजय, पंधरा पराभव) झालं तर आपण एरी सरोवरात पोहू, असं ते आधी बोलून बसले होते. झालं त्याहून वाईट. शब्द पाळत १ जून २०१८ ला ते खरंच पाण्यात उतरले.

म्हणजे हे मुद्दाम हरले?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही. मालक आणि कार्यालय आजच्यापेक्षा परवाचा संघ बांधत होते, हे उघड आहे. आज दुबळा संघ उतरवला तर सामने हरणार, हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण ‘हरण्यासाठी पैसे दिले’ ही गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये जॅक्सन यांनी तसं सूचित केलं, क्लबने ते नाकारलं, आणि लीगने नेमलेल्या चौकशीत त्याला पुरावा सापडला नाही.

मैदानावरच्या माणसांचं म्हणाल, तर मी जो थॉमसकडे बोट दाखवेन. २००७ पासून तो क्लीव्हलँडच्या भिंतीत डाव्या टोकाला उभा होता. जवळपास वीस क्वार्टरबॅक त्याच्या मागे आले आणि गेले. तो एकही डाव बाहेर बसला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसीविरुद्ध त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला, तेव्हा सलग डावांचा आकडा १०,३६३ वर थांबला. तोवर त्या मोसमात संघाने एकही सामना जिंकला नव्हता; तो सामनाही १२-९ असा हरले. या माणसाला बादफेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो हरायला उतरत होता असं त्याच्यासमोर म्हणून दाखवावं कुणी.

शिवाय मुद्दाम हरण्यात खेळाडूचा फायदाच नाही. तळाच्या संघाला पहिला नंबर मिळतो म्हणजे काय, तर याच्या जागी नवा पोरगा येतो.

त्या खेळाडूंचं होतं काय?

उन्हाळ्यात प्रत्येक संघ ९० खेळाडू जमवतो. मोसम सुरू होण्याआधी त्यातले ५३ ठेवायचे; या यादीला रोस्टर म्हणतात. बाकीच्यांना निरोप. निरोप घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत ‘टर्क’ म्हणतात. तो दारात उभा राहून एवढंच सांगतो की कोचने बोलावलंय, आणि येताना डावांची वही घेऊन या. वही मागितली की समजायचं.

लीगमध्ये चार मोसम पूर्ण न झालेला खेळाडू असा सुटला की तो आधी वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगायला एक दिवस मिळतो. इथेही पहिला हक्क तळाच्या संघाचा. म्हणून हरणाऱ्या संघाच्या यादीत सप्टेंबरात अशी नावं दिसतात जी आठवड्यापूर्वी दुसऱ्याच गावी सराव करत होती.

काढताना अडचण येते ती मोठ्या पगारवाल्यांची. आपल्याकडे ऊसतोड टोळीला मुकादम उचल देतो, तसा खेळाडूला सहीच्या वेळी रोख बोनस मिळतो. समजा पाच वर्षांचा करार, उचल दोन कोटी. पैसे आजच गेले, पण पर्सच्या हिशोबात दरवर्षी चाळीस लाखच धरतात. दोन वर्षांनी त्याला काढलं, तर उरलेले एक कोटी वीस लाख हिशोबात अंगावर येतात. माणूस नाही, पण त्याच्या नावाने पर्स अडलेली. याला डेड मनी म्हणतात.

नवी पोरं म्हणूनच हवीशी असतात. ड्राफ्टमधून आलेल्याचा पगार त्याच्या नंबराप्रमाणे जवळपास ठरलेला असतो, तोही चार वर्षांसाठी. २०१८ च्या पहिल्या नंबरावर क्लीव्हलँडने बेकर मेफिल्ड हा क्वार्टरबॅक घेतला. चार वर्षांचे मिळून सुमारे ३ कोटी २७ लाख डॉलर. अनुभवी क्वार्टरबॅक तेवढे वर्षभरात मागतो.

फळ मिळालं का?

मिळालं, आणि मग सांडलं.

२० सप्टेंबर २०१८ च्या रात्री मेफिल्ड जखमी सहकाऱ्याच्या जागी मैदानात उतरला आणि न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध संघ २१-१७ असा जिंकला. ६३५ दिवसांनंतरचा विजय. एका बिअर कंपनीने शहरातल्या बारमध्ये साखळ्या-कुलपं लावलेले फ्रिज ठेवले होते, ब्राउन्स जिंकले की उघडणारे. ते त्या रात्री उघडले. जॅक्सन यांना ऑक्टोबरअखेर काढलं. त्यांच्या खात्यावर ३ विजय, ३६ पराभव आणि एक बरोबरी. २०२० मध्ये ११-५. आणि १० जानेवारी २०२१ ला, प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की कोविडमुळे घरी टीव्हीसमोर बसलेले असताना, संघाने पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४८-३७ असं हरवलं. १९९४ च्या मोसमानंतरचा बादफेरीतला पहिला विजय. मायल्स गॅरेट हा बचावपटू आणि चब ही त्याच वाईट वर्षांची कमाई.

मग मार्च २०२२ मध्ये त्यांनी, थांबण्याची शिकवणी घेतलेल्या या संघाने, नडलेल्या माणसासारखा व्यवहार केला. ह्यूस्टनकडून डेशॉन वॉटसन घेतला. मोबदल्यात पहिल्या फेरीतले तीन नंबर आणि इतर काही, वर पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, सगळे हमीचे. २०१७ मध्ये हा माणूस क्लीव्हलँडच्याच हातातल्या एका नंबरावर मिळत होता. शिवाय त्याच्यावर वीसहून जास्त महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केले होते. त्याने आरोप नाकारले आणि फौजदारी खटला उभा राहिला नाही. पण लीगने ११ सामन्यांची बंदी घातली. कित्येक जुन्या चाहत्यांनी तेव्हा टोपी काढून ठेवली, आमच्या मामेभावानेही. मेफिल्डला जुलैमध्ये पाचव्या फेरीतल्या एका नंबरावर कॅरोलायनाला देऊन टाकलं.

ह्यूस्टनला मिळालेल्या नंबरांपैकी २०२३ चा नंबर निघाला, योगायोग बघा, पुन्हा बारावा. तो आणि आणखी काही नंबर देऊन ह्यूस्टन तिसऱ्यावर चढलं आणि तिथे विल अँडरसन हा बचावपटू घेतला. १३ जानेवारी २०२४ ला बादफेरीत क्लीव्हलँडची गाठ पडली ती नेमकी ह्यूस्टनशी. क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक होता ३८ वर्षांचा जो फ्लॅको, जो नोव्हेंबरपर्यंत घरी बसून फोनची वाट पाहत होता. तिसऱ्या सत्रात त्याचे दोन पास ह्यूस्टनवाल्यांनी पकडले आणि उलट दिशेने धावत जाऊन थेट टचडाउन (सहा गुण) केले. निकाल ४५-१४. अँडरसन समोर खेळत होता. वॉटसन नव्हता, खांदा मोडल्याने त्याचा मोसम नोव्हेंबरातच संपला होता. कराराची तीन वर्षं अजून बाकी होती.